साध्या औषधांनी बरा न होणारा टीबी : एमडीआरची तपासणी कुठे, कागद कोणते आणि माणसं परत का पाठवली जातात

एकदा औषधांचा कोर्स पूर्ण केला आणि वर्षा-दोन वर्षांत खोकला परत आला, किंवा औषधं चालू असूनही वजन उतरतंच आहे, अशा रुग्णांसाठी ही माहिती. साध्या औषधांना दाद न देणारा टीबी, म्हणजे एमडीआर, आहे का, हे तपासणं सरकारी कार्यक्रमात पूर्ण मोफत आहे. खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असले तरी मोफत.

आधी एक गैरसमज. या तपासणीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, रेशनकार्डाचा रंग बघितला जात नाही, महात्मा फुले योजनेचं पत्रही लागत नाही. तरीही लोक तलाठ्याकडे आणि सेतू केंद्रात आठवडा घालवून येतात, आणि तेवढ्यात रुग्णाचं दोन किलो वजन कमी झालेलं असतं. पहिल्या दिवशी शिवडीच्या किंवा औंधच्या मोठ्या रुग्णालयात धाव घ्यायचीही गरज नसते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात बेडका द्यायचा, तिथून तो सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या, टीबीचा जंतू आणि तो औषधाला दाद देतो का हे शोधणाऱ्या, मशीनकडे जातो.

बेडका आणि थुंकी यांत फरक आहे, आणि निम्मी रखडपट्टी इथेच होते. पाण्यासारखी लाळ दिली तर उपयोग शून्य. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, खोल श्वास घेऊन खोकायचं, छातीतून येईल तेच डबीत. अर्धा ते एक चहाचा चमचा पुरतो. दुर्बिणीने तपासणी करून फुप्फुसातला तुकडा काढणार असतील तर आधीच सांगा, की कल्चरसाठीचा, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, भाग सलाइनमध्ये ठेवा. फॉर्मलिनमध्ये टाकला की जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. हे रुग्णाला सांगावं लागू नये, पण लागतं.

आता कुणाकडेच नसलेला कागद : आधीच्या उपचाराची नोंद. खिडकीवर पहिला प्रश्न हाच, "मागचं टीबीचं कार्ड आणा." ते पुरात गेलेलं असतं, घर बदलताना हरवलेलं असतं, किंवा सासरच्यांना कळू नये म्हणून जाळलेलं असतं. कार्ड नाही म्हणून घरी जाऊ नका. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदीच्या पोर्टलवर त्या वेळी दिलेल्या मोबाइल नंबरावरून जुनी नोंद शोधता येते, तशी शोधायला सांगा. तेही जमलं नाही तर साध्या कागदावर लिहून न्या : कोणत्या साली, कुठे, किती महिने औषध घेतलं, मध्ये किती खंड पडला. रिकाम्या स्ट्रिपा असतील तर त्याही. खंड पडला हे लपवू नका. रागावतील, पण त्यावरच पुढची औषधं ठरतात.

खासगी डॉक्टरलाही टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं 2012 पासून बंधनकारक आहे. म्हणजे तुमचा निक्षय आयडी बहुधा आधीच तयार असतो. तो मागून घ्या आणि सरकारी केंद्रात त्याचंच 'ट्रान्सफर' करायला सांगा. नवा आयडी काढला की एका माणसाचे दोन रुग्ण होतात, रिपोर्ट एका नावावर पडतो आणि औषध दुसऱ्या.

रिपोर्ट वाचतानाही घोळ होतो. सीबीनॅटवर 'इनव्हॅलिड' किंवा 'एरर' आलं तर ते निगेटिव्ह नव्हे. नमुना पुन्हा द्यायचा. सीबीनॅटचं यंत्र दोन तासांत उत्तर देतं, पण कल्चर निगेटिव्ह आहे असं म्हणायला 42 दिवस थांबावं लागतं. पंधराव्या दिवशी "काही आलं नाही" ऐकून सुटलो असं समजणारे मी बरेच पाहिलेत. उलटंही घडतं. आधी टीबी होऊन गेलेल्यांत सीबीनॅट मेलेले जंतूही पकडतं, तेव्हा कल्चर हवंच. स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखालची बेडक्याची तपासणी) पॉझिटिव्ह आणि सीबीनॅट निगेटिव्ह असेल, तर तो टीबीचा जंतू नसून त्याच्या भाऊबंदांपैकी, म्हणजे एनटीएम, असू शकतो. कल्चरवर जातीची ओळख करून मागा. रक्तातल्या अँटिबॉडीची टीबी टेस्ट कुणी सुचवली तर उठून या. तिच्यावर 2012 पासून बंदी आहे.

आणि कृपा करून तपासणीआधी मेडिकलमधून लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेऊ नका. टीबी चार दिवस दबतो, निदान महिनाभर लांबतं.

एमडीआर निघालाच तर डीआर-टीबी केंद्रात (औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचं सरकारी उपचार केंद्र) ईसीजी आणि रक्ततपासण्या होतात आणि औषध ठरतं. बीपाल्म या सहा महिन्यांच्या कोर्सला केंद्र सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. वय 14 किंवा त्याहून जास्त हवं, गरोदर बाईला तो देत नाहीत. पायाला मुंग्या आल्या किंवा नजर अंधुक झाली तर पुढच्या तारखेची वाट न बघता केंद्रात सांगा.

पोषण आहाराचे पैसे 1 नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये झालेत, आधी 500 होते. आधार आणि बँकेचं पासबुक खरं लागतं ते इथे. पैसे न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बराच काळ न वापरलेलं, झोपलेलं खाते किंवा आधारशी न जोडलेलं खाते. बँकेत जाऊन आधी ते जागं करा. अडलं तर 1800-11-6666 हा मोफत नंबर आहे. फोन करताना निक्षय आयडी हाताशी ठेवा, पहिल्यांदा तोच विचारतात.