ईपीओ आणि व्यावसायिक सायकलिंग : प्रारंभकाळ

एरिथ्रोपोएटिन, संक्षेपाने ईपीओ, हे मुख्यतः मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक आहे. ऊतींना ऑक्सिजन कमी पडू लागला की मूत्रपिंड ते अधिक प्रमाणात सोडते आणि अस्थिमज्जा जास्त तांबड्या पेशी घडवू लागते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत ते पुरेसे तयार होत नाही, म्हणून डायलिसिसवरच्या रुग्णांना तीव्र रक्तक्षय होतो आणि वारंवार रक्त चढवावे लागते. या रुग्णांसाठी जनुकीय तंत्राने बनवलेले ईपीओ १९८८ पासून युरोपात येऊ लागले. अमेरिकेत त्याला जून १९८९ मध्ये मान्यता मिळाली. हजारो रुग्णांचे आयुष्य सुसह्य करणाऱ्या या औषधाचा व्यावसायिक सायकलपटूंनी केलेला गैरवापर आणि तो सापडायला लागलेली दहा-बारा वर्षे हा या नोंदीचा विषय आहे.

रक्त साठवण्यापासून इंजेक्शनपर्यंत

तांबड्या पेशी वाढवण्याची कल्पना ईपीओच्या आधीची. स्वीडनमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्यॉर्न एकब्लोम यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, माणसाचे रक्त काढून, काही आठवडे साठवून त्याच्याच शरीरात परत चढवले, तर त्याची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता वाढते. इटलीत फेरारा येथील क्रीडावैद्यक संशोधक फ्रांचेस्को कोन्कोनी यांनी हे तंत्र खेळात आणले. इटालियन सायकलपटू फ्रांचेस्को मोझरने जानेवारी १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ५१.१५१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला; त्यासाठी रक्त चढवून घेतल्याचे त्याने पुढे मान्य केले. तेव्हा ते नियमबाह्य नव्हते. त्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या काही सायकलपटूंनी रक्त चढवून घेतले. काहींना नातेवाइकांचे रक्त देण्यात आले आणि त्यातले काही आजारी पडले. हे उघड झाल्यावर बंदी आली.

रक्त साठवण्यात अडचणी पुष्कळ होत्या. एक पिशवी काढली की खेळाडू पुढचे काही आठवडे अशक्त राहतो, म्हणजे सरावाचे दिवस वाया जातात. शीतकपाटात रक्त पाच-सहा आठवडेच टिकते. त्याहून जास्त ठेवायचे तर ते खास पद्धतीने गोठवावे लागते. पिशव्यांची अदलाबदल झाली, तर जिवावर बेतते. ईपीओने या सगळ्या अडचणी एका फटक्यात दूर केल्या. त्वचेखाली बारीक सुई टोचायची आणि तीन-चार आठवड्यांत पेशींची संख्या वाढलेली दिसायची. जपायचे ते फक्त तापमान : हे प्रथिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते आणि गोठले तर निकामी होते. त्यामुळे संघांच्या गाड्यांत आणि हॉटेलच्या खोल्यांत बर्फ घातलेले थर्मास दिसू लागले. पेशी घडवायला लोह लागते, म्हणून जोडीला लोहाची इंजेक्शनेही आली. ती इतकी सढळ हाताने दिली गेली की अनेक सायकलपटूंच्या शरीरात लोहाचा साठा धोकादायक पातळीवर गेला.

मृत्यूंची चर्चा

१९९० च्या सुमारास काही डच व बेल्जियन सायकलपटू झोपेत किंवा विश्रांती घेताना दगावले आणि दोष ईपीओला दिला गेला. फेब्रुवारी १९९० मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी वारलेला योहानेस ड्रायर हे त्यातले सर्वाधिक घेतले जाणारे नाव. मृतांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो आणि एकाही प्रकरणात ईपीओ हेच कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. काही मृत्यू तर औषध सहज मिळू लागण्याच्या आधीचे आहेत. त्यामुळे ही यादी पुरावा म्हणून वापरणे योग्य नाही. धोका मात्र खरा आहे. पेशी वाढल्या की रक्त दाट होते. त्यात घामावाटे पाणी गेले आणि रात्री नाडी मंदावली, तर गुठळी होण्याची शक्यता वाढते.

पन्नास टक्क्यांची मर्यादा

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९० मध्ये ईपीओवर बंदी घातली, पण ते शोधण्याची चाचणी नव्हती. टोचलेले ईपीओ दोन-तीन दिवसांत लघवीतून दिसेनासे होते, तर त्याने घडवलेल्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. औषध जाते, फायदा उरतो. चाचणी शोधण्यासाठी समितीने निधी दिला तो कोन्कोनी यांनाच. येथे कुंपणानेच शेत खाल्ले : फेराराच्या न्यायालयाने २००३ मध्ये मुदत उलटल्यामुळे त्यांना शिक्षा केली नाही, पण खेळाडूंच्या ईपीओ सेवनाला त्यांनी वर्षानुवर्षे साथ दिल्याचे नोंदवले.

या मोकळ्या काळात शर्यतींचे चित्र बदलले. २० एप्रिल १९९४ रोजी बेल्जियममधील फ्लेश वालॉन शर्यतीत गेविस संघाचे अर्जेंतिन, फुर्लान आणि बेर्झिन हे तिघे बाकी सगळ्यांना मागे टाकून पहिले तीन आले. संघाचे डॉक्टर मिकेले फेरारी यांनी त्यानंतर ईपीओ धोकादायक नसून त्याचा अतिरेक धोकादायक आहे, दहा लिटर संत्र्याचा रस पिणेही तसेच, अशा आशयाचे विधान केले. १९९६ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ब्यार्ने रीसने १९९३ ते १९९८ या काळात ईपीओ घेतल्याची कबुली २००७ मध्ये दिली.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने १९९७ च्या आरंभी वेगळा मार्ग काढला. रक्ताच्या आकारमानात तांबड्या पेशींचा वाटा किती, याला हिमॅटोक्रिट म्हणतात. पुरुषांसाठी ५० आणि स्त्रियांसाठी ४७ टक्के ही मर्यादा ठरली. ती ओलांडणाऱ्याला किमान १५ दिवस शर्यतीबाहेर राहावे लागे, पण यास डोपिंग न म्हणता आरोग्यतपासणी म्हटले जाई. त्याच मार्चमध्ये पॅरिस–नीस शर्यतीत पहिले स्वार बाद झाले.

संघांनी लगेच छोटी सेंट्रिफ्यूज यंत्रे बाळगायला सुरुवात केली. बोटाला टोचून रक्ताचा थेंब बारीक काचनळीत ओढायचा, एक टोक बंद करायचे आणि नळी पाचेक मिनिटे वेगाने फिरवायची. तळाशी तांबड्या पेशी, त्यावर पांढऱ्या पेशींचा पातळ थर आणि वर पिवळसर रक्तद्रव असे थर पडतात. ७५ मिलिमीटरच्या स्तंभात तांबडा भाग ३६ मिलिमीटर असेल, तर आकडा ४८. नळी कमी वेळ फिरली तर पेशी नीट दबत नाहीत आणि आकडा फुगतो. माणूस उभा आहे की आडवा, पाणी प्यायला आहे की नाही, यानेही तो काही अंकांनी हलतो. तपासणीस येण्याआधी सलाइन चढवून तो खाली आणणे याच गुणधर्मामुळे शक्य झाले.

या मर्यादेचा दुहेरी तोटा झाला. नैसर्गिकरीत्या ४२ असलेल्याला ४९ पर्यंत चढायला भरपूर वाव मिळाला, ४८ असलेल्याला जवळजवळ काहीच नाही. दुसरीकडे, काहींचे रक्त जन्मतःच दाट असते. फिनलंडचा स्कीपटू एरो मांत्युरांता याच्या कुटुंबात ईपीओच्या ग्राहीतील (ईपीओचा संदेश टिपणाऱ्या, पेशीवरच्या प्रथिनातील) जनुकीय बदलामुळे असे घडत असे. अशा सायकलपटूंसाठी वैद्यकीय सवलतीची सोय ठेवावी लागली. खरी खूण आकड्यापेक्षा त्याच्या वाटचालीत होती : तीन आठवड्यांच्या शर्यतीत रक्तद्रव वाढून हिमॅटोक्रिट आपोआप घसरते. शेवटच्या आठवड्यातही ते जसेच्या तसे राहिले, तर संशय घ्यायला जागा असते. पण तेव्हाच्या नियमात या निरीक्षणाला स्थान नव्हते.

फेस्टिना आणि चाचणी

८ जुलै १९९८ रोजी बेल्जियम–फ्रान्स सीमेवर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी फेस्टिना संघाच्या विली व्होएत या कर्मचाऱ्याची गाडी अडवली आणि तीत ईपीओच्या दोनशेहून अधिक मात्रा सापडल्या. संघाची टूरमधून हकालपट्टी झाली. पोलिसांचे छापे, स्वारांचा रस्त्यावर बसून निषेध आणि संघांची माघार यांत १८९ पैकी ९६ जणच पॅरिसला पोहोचले. प्रयोगशाळेला वर्षानुवर्षे जे सापडले नव्हते, ते सीमाशुल्क खात्याला एका सकाळी सापडले. पुढच्या वर्षी, ५ जून १९९९ रोजी, जिरो द'इतालिया या इटलीतील मोठ्या शर्यतीत आघाडीवर असलेल्या मार्को पांतानीला ५२ टक्के हिमॅटोक्रिटमुळे मादोन्ना दी काम्पिल्यो येथे बाद करण्यात आले. त्याच वर्षी जागतिक डोपिंगविरोधी संस्था स्थापन झाली.

थेट चाचणी २००० मध्ये आली. पॅरिसजवळच्या शातने-मालाब्री प्रयोगशाळेतील फ्रांस्वाझ लास्न आणि जाक द सोरिझ यांनी लघवीतले ईपीओ विद्युतभारानुसार वेगळे करण्याची पद्धत मांडली. कारखान्यातले ईपीओ प्राण्यांच्या पेशींत बनते, त्यामुळे त्याला चिकटलेल्या शर्करांच्या साखळ्या मानवी ईपीओपेक्षा वेगळ्या असतात आणि पट्टीवर त्यांच्या रेषा वेगळ्या जागी उमटतात. सिडनी ऑलिंपिकमध्ये तिला रक्तचाचणीची जोड दिली गेली. सायकलिंगमध्ये ती २००१ मध्ये लागू झाली.

गोठवून ठेवलेले जुने नमुने पुढे याच पद्धतीने संशोधनासाठी तपासले गेले. फ्रेंच सिनेटच्या समितीने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात १९९८ च्या टूरमधील पहिल्या दोघांच्या, पांतानी आणि यान उलरिख यांच्या, नमुन्यांत ईपीओ आढळल्याचे दिसते.