मिनिटांचा हिशेब कुठून आला: इंदूरच्या घरांतील ‘स्क्रीन टाइम’ची पार्श्वभूमी

दोन वर्षांखालील मुलांना पडदा अजिबात नको, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांहून कमी, हे आकडे इंदूरमधील बहुतेक पालकांच्या कानांवरून गेलेले असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१-२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ते आहेत, परंतु त्यांचे मूळ बरेच जुने आहे आणि ते मोबाइलमध्ये नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी १९९९ साली दोन वर्षांखालील मुलांना दूरदर्शन संच दाखवू नये असा सल्ला दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर दिवाणखान्यात एका जागी ठेवलेला संच होता. घरातल्या सगळ्यांना तो दिसत असे आणि तो बंद केला की सगळ्यांसाठीच बंद होत असे.

‘स्क्रीन टाइम’ हा शब्दही मुलांसाठी घडलेला नाही. एखादा नट चित्रपटात किती वेळ दिसतो, हे सांगण्यासाठी तो वापरला जाई. नव्वदच्या दशकात त्याची दिशा उलटली आणि पडद्यावर दिसणाऱ्याचा वेळ हा पडद्याकडे पाहणाऱ्याचा वेळ झाला. मराठीत आपण तो जसाच्या तसा घेतला आणि त्याच्याबरोबर त्याचा गोंधळही घेतला, कारण कार्टून पाहणे, गणिताचा वर्ग, खेळ आणि आजीशी बोलणे या चारही गोष्टी त्यात एकाच मापाने मोजल्या जातात. अमेरिकेतील त्याच संघटनेने २०१६ साली अठरा महिन्यांखालील मुलांसाठीच्या मनाईतून व्हिडिओ कॉल वगळला, तेव्हा या मापातील दोष प्रथमच ठळकपणे मान्य झाला असे म्हणता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा आकडेच दिले. ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांनी मात्र त्याच वर्षी जानेवारीत मर्यादेचा आकडा ठरवण्याइतका पुरावा नाही असे सांगून पालकांसमोर प्रश्न ठेवले होते: पडदा झोपेच्या आड येतो का, घराच्या दिनक्रमाच्या आड येतो का, मुलाच्या खाण्यावर त्याचा परिणाम होतो का?

इंदूरपुरते पाहिले, तर ऐंशीच्या दशकात घरोघरी आलेला दूरदर्शन संच आणि नव्वदच्या दशकातील केबल यांनी वाद जरूर निर्माण केले. परंतु ते रविवारची सकाळ आणि परीक्षेचे दिवस यांच्यापुरते राहिले. खरा बदल सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेटचा डेटा स्वस्त झाला तेव्हा सुरू झाला आणि २०२० मध्ये तो पक्का झाला. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण ग्रामीण भारतात २०१८ साली ३६.५ टक्के होते. दोनच वर्षांत ते ६१.८ टक्क्यांवर गेले. या वाढीतला काही भाग शिक्षणाच्या नावाने झालेल्या खरेदीचा होता.

२०२० मधील एका निर्णयाचा येथे सविस्तर विचार करणे आवश्यक आहे. टाळेबंदीच्या काळात इंदूर हे देशातील सर्वाधिक बाधित शहरांपैकी एक होते आणि येथील मुले दीर्घकाळ घरात कोंडलेली होती. अशा वेळी जून २०२० मध्ये मध्य प्रदेश शासनाने पाचवीपर्यंतचे ऑनलाइन वर्ग बंद करण्याचा आदेश काढला. बाजू घेणाऱ्यांनी लहान मुलांचे डोळे आणि एकाग्रता यांकडे बोट दाखवले, तर विरोध करणाऱ्यांनी शिक्षणात पडणाऱ्या खंडाकडे. खासगी शाळांच्या शुल्काचा वाद त्याच सुमारास पेटलेला असल्याने अनेकांना आदेशामागे तेच कारण दिसले. पुढच्याच महिन्यात केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत बंदीऐवजी वेळ ठरवून दिलेली होती: पूर्वप्राथमिक मुलांसाठी पालकांच्या मार्गदर्शनापुरती तीस मिनिटे आणि पहिली ते आठवीसाठी प्रत्येकी तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे.

त्या बंदीला अविचारी ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण सहा वर्षांचे मूल पडद्यासमोर एकटे बसून शिकत नाही हे शिक्षकही जाणत होते. अडचण वेगळी होती. थेट वर्ग हा पडदा मानला गेला, मात्र सरकारी शाळांच्या मुलांसाठी शासनच पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवत असलेल्या चित्रफिती पडदा मानल्या गेल्या नाहीत. जुलैत सुरू झालेल्या ‘हमारा घर हमारा विद्यालय’ मोहिमेत घरातच ठरावीक वेळी घंटा किंवा थाळी वाजवून अभ्यासाला बसवण्याची कल्पना होती. ती खरोखर चांगली होती, कारण तिच्यात मुलाजवळ बसणारे माणूस गृहीत धरलेले होते. तरीही पालकांच्या हाती उरले ते एवढेच की मोबाइल कधी शाळा असतो आणि कधी नसतो, हे मूल ठरवू लागले. ‘ठेव तो मोबाइल’ या वाक्याला ‘अभ्यास करतोय’ हे उत्तर त्या वर्षी मिळाले आणि त्यानंतर ते कधी खोडता आले नाही.

इंदूरच्या मराठी घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, ज्याचा उल्लेख कोणत्याही सूचनेत आढळत नाही. येथील मराठी मुले बहुतांशी हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकतात. रस्त्यावर, मैदानावर आणि दुकानात ती हिंदी बोलतात, त्यामुळे मराठी त्यांच्या कानांवर पडते ती जेवणाच्या ताटावर आणि झोपण्यापूर्वीच्या गोष्टीत. ताटाशेजारी मोबाइल आला की नेमकी तीच वेळ जाते. याउलट पुण्यात किंवा परदेशात असलेल्या काका-आत्यांशी व्हिडिओवर होणारे बोलणे हे याच मुलांसाठी मराठीचे मोठे साधन आहे, आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या मराठी गोष्टींच्या चित्रफितीही काही घरांत तेच काम करतात. या सगळ्याची बेरीज एकाच आकड्यात केली, तर पालक जे वाचवू पाहतात तेच कमी होऊ शकते.

अलीकडचे प्रयत्न दोन दिशांनी जातात. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवले जातात. तेथे मिनिटे मोजावी लागत नाहीत, कारण वेळ साऱ्या गावाची असते आणि मोठेही त्यात बांधलेले असतात. दुसरी दिशा कायद्याची आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर बंदीचा कायदा झाला आणि ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या सूचना जेवताना आणि झोपण्यापूर्वीच्या तासात पडदा नको असे सांगतात. शाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर गृहपाठ पाठवण्याची २०२० मधली पद्धत मात्र अजून चालू आहे, आणि तो अनेकदा येतो रात्री, जेवणाच्या सुमारास.