बीटा ब्लॉकरच्या सूचना आल्या कुठून?

अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल. हृदयविकार किंवा बीपीचा पेशंट असलेल्या घरात औषधांच्या डब्यात ‘लॉल’वर संपणारं एखादं नाव बहुधा सापडतंच. हीच बीटा ब्लॉकर औषधं. ही गोळी लिहून देताना डॉक्टर काही गोष्टी विचारतात, काही बजावतात. दमा आहे का, शुगर आहे का, नाडी किती लागते, आणि गोळी मनाने बंद करू नका. या सूचना कुणी टेबलाशी बसून सुचल्या म्हणून लिहिलेल्या नाहीत. जवळपास प्रत्येकीमागे कुणाला तरी झालेला त्रास आहे.

१९४०च्या दशकात वाढलेल्या बीपीवर डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. मीठ तोडा, आराम करा, एवढंच सांगता यायचं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा बीपीवर होणारा परिणाम मांडला, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांनी या मुळीकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं. बीपी उतरायचं, पण काही पेशंट इतके खिन्न व्हायचे की औषध थांबवावं लागायचं. कारण रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला, हृदयाला जोरात चालवणाऱ्या रसायनाचा, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा साठाच रिकामा करतं, मेंदूतलासुद्धा. साठ्याला हात न लावता हृदयावर होणारा त्याचा मारा तेवढा अडवता आला तर?

ते शक्य आहे याचा पहिला अंदाज अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रेमंड अल्क्विस्ट यांच्या कामातून आला. अ‍ॅड्रेनॅलिनसारखी रसायनं शरीरात कुठे काय करतात हे ताडून पाहताना त्यांना दिसलं की एकाच प्रकारच्या ग्राहीवर (पेशीवरची, असं रसायन जिथे येऊन चिकटतं ती जागा, रिसेप्टर) भागत नाही, दोन मानाव्या लागतात. त्यांना त्यांनी अल्फा आणि बीटा म्हटलं. हृदयाचे ठोके वाढवणारी ती बीटा. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने हा लेख परत पाठवला. १९४८मध्ये तो दुसरीकडे छापून आला आणि त्यानंतर कित्येक वर्षं फारसा कुणी वाचलाही नाही.

वाचला तो जेम्स ब्लॅक या स्कॉटिश डॉक्टरने. त्या वेळी छातीत कळ येणाऱ्या पेशंटला हृदयाचा रक्तपुरवठा वाढवणारी औषधं देण्याची रीत होती. ब्लॅकने प्रश्नच उलटा केला. अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून जास्त रक्त रेटण्यापेक्षा बीटा ग्राही अडवून (म्हणून बीटा ब्लॉकर) हृदयाची ऑक्सिजनची गरजच कमी केली तर? १९५८मध्ये तो आयसीआय या कंपनीत गेला. तिथे तयार झालेलं पहिलं औषध, प्रोनेथॅलॉल, उंदरांमध्ये छातीतल्या थायमस ग्रंथीच्या गाठी झाल्याने मागे पडलं. दुसरं होतं प्रोप्रॅनोलॉल. ते १९६५मध्ये बाजारात आलं आणि १९८८मध्ये ब्लॅकला नोबेल मिळालं. औषध बनवलं होतं छातीच्या कळेसाठी. ते घेणाऱ्यांचं बीपीही उतरतं, हे लंडनच्या ब्रायन प्रिचर्ड यांनी टिपलं. बीपीची गोळी ही त्याची ओळख अशी नंतरची आहे.

दम्याची सूचना मात्र औषध बाजारात येण्याआधीच तयार होती. श्वासनलिका सैल ठेवणाऱ्या ग्राहीही बीटाच, फक्त उपप्रकार वेगळा. प्रोप्रॅनोलॉल दोन्ही अडवतं, त्यामुळे दमेकऱ्यांच्या श्वासनळ्या आवळतात, हे १९६४मध्येच प्रसिद्ध झालं होतं. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही नंतरची औषधं मुख्यतः हृदयाच्या ग्राहीवर काम करतात. मुख्यतः, पूर्णतः नव्हे. डोस वाढला की हा फरक पुसट होतो. इथे एक गोष्ट घरोघरी निसटते. काचबिंदूसाठी दिलेले टिमोलॉलचे थेंबही बीटा ब्लॉकरच आहेत. डोळ्यातून नाकात आणि तिथून थेट रक्तात उतरून ते दमा उसळवू शकतात. पण डोळ्याचं औषध छातीच्या डॉक्टरला सांगायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येतं?

दमेकऱ्यांनाही चालावं म्हणून हृदयापुरतं काम करणारं प्रॅक्टोलॉल १९७०मध्ये ब्रिटनमध्ये आलं आणि तिथेच मोठा घात झाला. पेशंटचे डोळे कोरडे पडू लागले, काहींच्या बुबुळावर व्रण होऊन दृष्टी गेली. अंगावर सोरायसिससारखे चट्टे उठले. काहींच्या पोटातलं आवरण जाड होऊन आतडी आवळली गेली. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या पीटर राइट यांनी १९७५मध्ये डोळ्यांच्या या केसेस मांडल्या आणि लवकरच या गोळ्या मागे घेण्यात आल्या. प्राण्यांवरच्या चाचण्यांत यातलं काहीही दिसलं नव्हतं, नंतर मुद्दाम प्रयत्न करूनही दिसलं नाही. आज वापरात असलेल्या बीटा ब्लॉकरमध्ये हा प्रकार आढळत नाही. तरी नवं औषध बाजारात आल्यावरही त्याच्यावर वर्षानुवर्षं नजर का ठेवायची, हे सांगताना प्रॅक्टोलॉलचं नाव अजून निघतं.

त्याच १९७५ साली अमेरिकेतून दुसरा इशारा आला. छातीच्या कळेवरची एक चाचणी संपली, प्रोप्रॅनोलॉल एकदम थांबवलं आणि पंधरवड्याच्या आत काही पेशंटची छाती पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागली, काहींना हृदयविकाराचा झटका आला. बराच काळ अडवून ठेवलेल्या ग्राहींची संख्या शरीर वाढवत नेतं. औषध अचानक काढलं की नेहमीचं अ‍ॅड्रेनॅलिनही त्या वाढलेल्या ग्राहींवर जोरात आदळतं. म्हणून गोळी बंद करायचीच असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली, एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत. आपल्याकडे ही चूक हट्टाने क्वचित होते. लग्नाला गावी जाताना स्ट्रिप घरीच राहते, किंवा बीपी नॉर्मल आलं म्हणून ‘आता कशाला’ असं वाटतं. अशा वेळी चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असला तर बरंच निभावतं, पण त्यावर मिलिग्रॅमसोबत मेटोप्रोलॉलचा कोणता प्रकार आहे तेही दिसायला हवं. टार्ट्रेट बहुधा दिवसातून दोनदा, तर सक्सिनेट हळूहळू विरघळणारं, दिवसातून एकदा. ते चावायचं किंवा कुटायचं नसतं.

शुगरचं कारण सरळ आहे. रक्तातली साखर घसरली की शरीर धडधड आणि थरथर यांनी हाक देतं. बीटा ब्लॉकर नेमकी तीच हाक दाबतं. घाम मात्र सुटतोच. इन्सुलिन घेणाऱ्याने या गोळीवर असताना थंड घामाला किरकोळ समजू नये. ही थरथर थांबवण्याच्या गुणापायी २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या नेमबाज किम जोंग-सूची दोन पदकं काढून घेतली गेली. तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं होतं. मुलाखतीच्या आधी मित्राकडून एक गोळी मागून घेणाऱ्यांना तरी आपली नाडी आधीच साठीच्या खाली आहे का, हे माहीत असतं का?

सगळ्यात मोठं वळण हार्ट फेल्युअरचं. थकलेल्या हृदयाला आणखी मंद करणारं औषध द्यायचं म्हणजे चूक, असंच शिकवलं जायचं. १९७५मध्येच (काय साल होतं!) स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वाग्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी सात पेशंटवर ते करून पाहिलं आणि त्यांना बरं वाटल्याचं छापलं. विश्वास बसायला जवळपास पाव शतक गेलं. १९९९मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट यांच्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, दोन्हींत मृत्यूंचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलेलं होतं. अट एकच होती, सुरुवात अगदी थोड्याने. बिसोप्रोलॉल १.२५ मिलिग्रॅमपासून, आणि दोन-दोन आठवड्यांनी वाढवत १०पर्यंत. पहिल्या काही आठवड्यांत धाप वाढू शकते, पायावर सूज येऊ शकते. रोज सकाळी वजन करायला सांगतात ते अंगात साठणारं पाणी लवकर कळावं म्हणून.

एकीकडे बढती, दुसरीकडे पदावनती. नुसत्या बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल हे वर्षानुवर्षं नेहमीचं औषध होतं. २००२ आणि २००५च्या मोठ्या तुलनांमध्ये ते पक्षाघात टाळण्यात नव्या औषधांच्या मागे पडलं आणि २००६मध्ये ब्रिटनने बीटा ब्लॉकरना बीपीच्या पहिल्या पसंतीतून काढलं. भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतून अ‍ॅटेनोलॉल २०२२मध्ये वगळलं गेलं. म्हणून वीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी तशीच चालू असेल, तर ती एकदा डॉक्टरला दाखवण्यात काही गैर नाही. शस्त्रक्रियेचंही तसंच झालं. हृदयाचं रक्षण होईल म्हणून ऐन ऑपरेशनच्या वेळी नव्याने मेटोप्रोलॉल सुरू करण्याची पद्धत २००८च्या एका मोठ्या चाचणीने मोडली. झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. आधीपासून घेणाऱ्यांनी मात्र ऑपरेशनच्या दिवशीही गोळी सहसा चुकवायची नसते. भूल देणाऱ्या डॉक्टरला विचारून घ्यावं.

सध्या वाद आहे तो हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या जन्मभराच्या गोळीचा. तिचा पाया १९८०च्या दशकातल्या चाचण्या, म्हणजे अँजिओप्लास्टी सर्रास होण्याच्या आधीच्या. २०२४मध्ये, हृदयाची पंपिंग क्षमता शाबूत असलेल्या ५,०२० पेशंटच्या मुख्यतः स्वीडनमध्ये झालेल्या चाचणीत गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. त्याच वर्षी फ्रान्समध्ये, झटक्यानंतर स्थिर असलेल्या ३,६९८ जणांपैकी निम्म्यांची गोळी बंद करून पाहिली. बंद केलेल्यांमध्ये मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा हृदयविकारासाठी दवाखान्यात भरती यांपैकी काहीतरी २३.८ टक्क्यांना झालं, चालू ठेवलेल्यांमध्ये २१.१ टक्क्यांना. फरक बराचसा भरतीचा होता, शिवाय गोळी सोडलेल्यांचं बीपी आणि नाडी दोन्ही वाढलेली आढळली. सुरूच न करणं आणि सुरू असलेली सोडणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, एवढं यातून दिसतं. इकोत पंपिंगचा आकडा चांगला आलेल्या पेशंटने पुढच्या भेटीत ‘ही अजून लागेल का?’ असं जरूर विचारावं. उत्तर मिळेपर्यंत डोस चालू.