जिल्हा किती मोठा असावा?

१७८९ सालच्या अखेरीस फ्रान्सच्या राष्ट्रसभेपुढे एक धाडसी योजना आली. जुने प्रांत, त्यांचे वेगवेगळे कायदे, कर आणि सवलती सगळं मोडीत काढायचं आणि पॅरिस वगळता देशाचे ८० जवळपास सारखे चौकोन पाडायचे. प्रत्येकाची बाजू साधारण ७० ते ८० किलोमीटर. मग प्रत्येकाचे नऊ तुकडे, त्या तुकड्यांचे पुन्हा नऊ. सभेत यावर जोरदार वाद झाला. सभेतले एक प्रभावी सदस्य मिराबो यांचं म्हणणं होतं की, विभागणी जमिनीच्या मापानं नको, लोकसंख्या पाहून करा. शेवटी १७९० मध्ये ८३ विभाग, म्हणजे तिथले जिल्हे, ठरले. डोंगर, नद्या आणि जुने लागेबांधे पाहून सरळ रेघा वाकवल्या गेल्या, विभागांना नावंही बहुतेक नद्या-डोंगरांचीच मिळाली. आकार ठरवताना एक कसोटी मात्र सांभाळली: विभागातल्या कुठल्याही माणसाला घोड्यावरून एका दिवसात मुख्यालय गाठता यावं.

ही कसोटी मला फार मोलाची वाटते. दाखल्यासाठी निघालेल्या माणसाचा दिवस हेच तिचं माप आहे. आणि त्यात एक गणितही दडलेलं आहे.

जमिनीच्या नोंदी, जन्ममृत्यूचे दाखले, करवसुली, न्यायालय, पुरात-दुष्काळात मदत ही जिल्ह्याची कामं. त्यांचा भार लोकांवर दोन प्रकारे पडतो. एक, कार्यालयापर्यंत जाण्यायेण्यात मोडणारा वेळ. दुसरा, ते कार्यालय चालवायला लागणारं मनुष्यबळ आणि पैसा. जिल्ह्याचं क्षेत्रफळ चौपट केलं, तर मुख्यालयापासूनचं सरासरी अंतर दुप्पट होतं, म्हणजे खेटे घालणाऱ्यांचे हाल वाढतात. पण कार्यालयाचा खर्च चौपट लोकांत वाटला जातो. जिल्हा लहान केला की नेमकं उलट होतं. दोन्ही भारांची बेरीज सर्वांत कमी होते, तो मधला आकार योग्य.

एडवर्ड स्टीफन या समाजशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा हिशेब मांडला. निष्कर्ष असा की, लोकवस्तीची घनता आठपट असेल, तर योग्य क्षेत्रफळ एक चतुर्थांश होतं. समजा, विरळ वस्तीच्या भागात दर चौरस किलोमीटरला १० माणसं राहतात आणि तिथे ८,००० चौरस किलोमीटरचा जिल्हा सोयीचा आहे. त्यात ८० हजार लोक झाले. दाट भागात दर चौरस किलोमीटरला ८० माणसं असतील, तर सोयीचा जिल्हा २,००० चौरस किलोमीटरचा, पण त्यात लोक १ लाख ६० हजार. म्हणजे दाट वस्तीतला जिल्हा आकारानं लहान आणि तरीही लोकसंख्येनं मोठाच निघतो. सगळे जिल्हे सारख्याच क्षेत्रफळाचे किंवा सारख्याच लोकसंख्येचे असावेत, हा आग्रह ऐकायला न्याय्य वाटतो. तो धरला, तर कुठेतरी लोकांची वणवण वाढते, नाहीतर ओस कार्यालयं उभी राहतात.

प्रत्यक्षातले नकाशे सूत्राबरहुकूम नसतात, पण कल दिसतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात वाळवंटी भाग व्यापणारी सॅन बर्नार्डिनो ही एकच काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) सुमारे ५२ हजार चौरस किलोमीटरची आहे. जॉर्जिया राज्यातल्या १५९ काउंट्यांचं सरासरी क्षेत्रफळ हजार चौरस किलोमीटरही भरत नाही.

आकार ठरला, तरी रेघ कुठून न्यायची हा प्रश्न उरतोच. नदी सोयीची वाटते, कारण ती डोळ्यांना दिसते. पण नदीच्या दोन्ही काठांवरच्या लोकांचे व्यवहार सहसा एकमेकांशी असतात. लोकांना खरोखर वेगळं करते ती डोंगराची धार. शिवाय नदी जागची हलते. मिसिसिपीकाठचं कास्कास्किया हे इलिनॉय राज्याच्या पहिल्या राजधानीचं गाव. १८८१ च्या पुरात नदीनं नवा मार्ग धरला आणि गाव पलीकडच्या काठाला, मिसूरी राज्याच्या बाजूला गेलं. सीमा जुन्या पात्रावरच राहिली. आज तिथल्या मोजक्या रहिवाशांना आपल्याच काउंटीच्या मुख्यालयी जायला मिसूरीतून जाऊन पूल ओलांडावा लागतो.

स्टीफन यांच्या हिशेबात वेगही येतो. प्रवास आठपट वेगवान झाला, तर योग्य क्षेत्रफळ चौपट होतं. घोडा जाऊन रेल्वे आणि मोटार आली, तेव्हा जिल्हे मोठे व्हायला हवे होते. काही देशांनी ते केलंही. डेन्मार्कने २००७ मध्ये १३ काउंट्यांऐवजी ५ प्रदेश आणि सुमारे २७० नगरपालिकांऐवजी ९८ नगरपालिका केल्या. फ्रान्सच्या युरोपातल्या भूमीवर मात्र आजही ९६ विभाग आहेत, म्हणजे घोड्याच्या काळाइतकेच लहान. दप्तरं, न्यायालयं, निवडणुका आणि माणसांची ओळख एकदा सीमेला चिकटली की ती सुटत नाही. युगांडा तर उलट दिशेनं गेला. १९८६ मध्ये तिथे ३३ जिल्हे होते, आता १३० हून अधिक आहेत. सरकार लोकांच्या दारी न्यायचं हे त्यामागचं जाहीर कारण, पण जिल्हा मिळाला की पदं, निधी आणि मतंही मिळतात, हे त्यामागचं राजकारण.

नवा जिल्हा मागणाऱ्यांची तळमळ मला समजते, ६० किलोमीटर जाऊन ‘साहेब नाहीत’ हे ऐकण्यात एक दिवसाची मजुरी बुडते. पण नवं मुख्यालय म्हणजे नुसती पाटी नव्हे. अधिकारी, अभियंते, डॉक्टर, इमारती आणि वाटणी केलेल्या नोंदी हे सगळं तिथे प्रत्यक्ष यावं लागतं. ते आलं नाही, तर कार्यालय जवळ येतं, पण कामासाठी लोकांना जुन्याच गावी जावं लागतं. बरेचसे दाखले आता फोनवर मिळू शकतात, त्या कामांपुरतं अंतर जवळपास शून्य झालं आहे. जमिनीची मोजणी आणि पुरातून सुटका मात्र फोनवर होत नाही, त्यासाठी कुणाला तरी मुख्यालयातून निघून तिथवर पोहोचावंच लागतं.