म्हाडाच्या सोडतीचा अर्ज: जाहिरात येण्याआधीच करायची तयारी

म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, घरांच्या सोडतीची जाहिरात आली की ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. "अधिवास दाखला किती दिवसांत मिळतो?" "मिस्टरांचं पॅन कार्ड लागेलच का?" "एक जण म्हणतोय, दोन लाख दिले तर नंबर लावून देतो, देऊ का?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: देऊ नका. सोडत संगणकावर निघते आणि म्हाडाने कोणताही दलाल, प्रतिनिधी किंवा सल्लागार नेमलेला नाही. जो पैसे मागतो तो फसवतो. खोटी संकेतस्थळंही असतात. खरा पत्ता 'हाउसिंग डॉट म्हाडा डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तिथे एक रुपयाही भरू नका.

बाकीच्या दोन प्रश्नांसाठी थोडं मागे जावं लागेल. पूर्वी आधी सोडत निघायची आणि मग विजेत्यांची कागदपत्रं तपासली जायची. त्यात महिनेच्या महिने जायचे, अपात्र ठरलेल्यांची घरं अडकून पडायची, प्रतीक्षायादीतले लोक खेटे घालून थकायचे. टेबलाखालच्या व्यवहारालाही त्याच टप्प्यात वाव होता. २०२३च्या सुरुवातीपासून हा क्रम उलटा झाला. आता आधी नोंदणी करायची, कागदपत्रं अपलोड करायची, आणि ती तपासून झाल्यावरच अर्ज सोडतीत जातो. हा बदल मला मनापासून योग्य वाटतो. पण त्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. कागद अपुरे असतील तर तुमचं नाव सोडतीपर्यंत पोहोचणारच नाही. म्हणून तयारी जाहिरातीनंतर नाही, आजपासून करायची.

कोण अर्ज करू शकतं

वय १८ पूर्ण हवं. महाराष्ट्रात गेल्या २० वर्षांपैकी १५ वर्षं वास्तव्य हवं. म्हाडाच्या ज्या विभागीय मंडळाच्या सोडतीत अर्ज करताय (मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर), त्या मंडळाच्या कार्यक्षेत्रात तुमच्या, पतीच्या वा पत्नीच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर पक्कं घर नको. गावाकडे वडिलांच्या नावावर घर आहे म्हणून घाबरून अर्जच न करणारे खूप भेटतात. वडिलांचं घर हे तुमचं घर नव्हे. मात्र प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरांना अट कडक आहे: देशात कुठेही पक्कं घर नको.

उत्पन्नाचे गट २०२२मध्ये बदलले. मुंबई, पुणे, नागपूर यांसारखे महानगर प्रदेश आणि दहा लाखांवर वस्तीची शहरं यांत वार्षिक ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यावर उच्च गट. उरलेल्या महाराष्ट्रात अत्यल्पची मर्यादा साडेचार लाख आणि अल्पची साडेसात लाख. इथे उत्पन्न म्हणजे नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न. आईवडिलांचं, भावाचं त्यात धरायचं नाही. वरच्या गटातल्या माणसाला खालच्या गटात अर्ज करता येत नाही.

कागदपत्रं

सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात, म्हणून सावकाश वाचा.

आधार आणि पॅन. विवाहित असाल तर जोडीदाराचंही दोन्ही. आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असावा, ओटीपी त्यावरच येतो. दोन्हींवरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. लग्नाआधीचं नाव पॅनवर आणि लग्नानंतरचं आधारवर, हा बायकांच्या अर्जातला नेहमीचा अडथळा. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून एका कार्डावरचं नाव बदलून घ्या. याला वेळ लागतो, म्हणून हे पहिलं काम.

अधिवास दाखला. सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार'वरून मिळतो. जुना, बारकोड नसलेला दाखला चालत नाही. २०१८नंतर काढलेला, बारकोडचा हवा. भाड्याने राहणाऱ्यांचं खरं दुखणं हेच. अकरा महिन्यांचे करार, दर दोन-तीन वर्षांनी बदललेली खोली, अनेकदा करारच नाही, नुसता तोंडी व्यवहार. पंधरा वर्षांचा पुरावा आणायचा कुठून? मुलांचे शाळेचे दाखले, रेशनकार्ड, मतदार यादीतली नोंद, जुनी वीजबिलं, जे असेल ते एका पिशवीत गोळा करत जा. ज्याला घराची सर्वाधिक गरज आहे त्याच्याकडेच पत्त्याचा पुरावा सर्वांत कमी असतो. नियम करणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा, असं मला प्रत्येक सोडतीला वाटतं.

उत्पन्नाचा पुरावा. आधीच्या आर्थिक वर्षाचं प्राप्तिकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, दोन्हींतला कोणताही एक. घरकाम, फेरी, रिक्षा असं काम करणाऱ्यांनी तहसीलदारांचा दाखला काढावा. जोडीदार कमावत असेल तर त्याचाही वेगळा पुरावा. वर्ष कोणतं हवं ते जाहिरातीत दिलेलं असतं, चुकीच्या वर्षाचा कागद लावून अर्ज बाद झालेले मी पाहिले आहेत.

आरक्षणातून अर्ज असेल तर त्या प्रवर्गाचा दाखला. अनुसूचित जातींना ११ टक्के, अनुसूचित जमातींना ६ टक्के घरं असतात. भटक्या आणि विमुक्त जमाती, दिव्यांग, माजी सैनिक, पत्रकार, कलाकार, सरकारी कर्मचारी यांनाही वाटा आहे. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाच्या निकालाची प्रत.

इथे एका ताईंची गोष्ट सांगायलाच हवी. धुणीभांडी करून दोन मुली वाढवल्या. नवरा कित्येक वर्षांपूर्वी निघून गेलेला, कुठे आहे माहीत नाही, घटस्फोट झालेला नाही. कागदावर त्या विवाहित, म्हणून अर्जाला नवऱ्याचं आधार आणि पॅन हवं. ते आणणार कुठून? त्यांचा अर्ज भरलाच गेला नाही. अशा स्थितीत असलेल्या बायकांनी तालुका विधी सेवा समितीकडे लवकरात लवकर जावं. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचीही अट नाही. पण खटल्याला वेळ लागतो आणि तोवर दोन-तीन सोडती निघून जातात. परित्यक्ता म्हणून वेगळा मार्ग अर्जातच असायला हवा.

पैसे आणि परवडण्याचा हिशेब

अर्जाचं शुल्क जीएसटीसह ५९० रुपये, ते परत मिळत नाही. अनामत रक्कम गटानुसार असते. मुंबईच्या २०२३च्या सोडतीत अत्यल्प गटाला २५ हजार, अल्पला ५० हजार, मध्यमला १ लाख आणि उच्चला दीड लाख होती. घर लागलं नाही तर ती खात्यात परत येते, म्हणून खातं स्वतःच्याच नावाचं द्या.

अर्जाआधी घराची किंमत नीट पाहा. २०२३मध्ये गोरेगावच्या पहाडी भागातली अत्यल्प गटाची घरं सुमारे ३० लाखांची होती. तीन लाख हाताशी असले आणि २७ लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता २४ हजारांच्या आसपास जातो. महिना ५० हजार कमावणाऱ्याला तो कसाबसा झेपेल. महिना २० हजारांवर घर चालवणाराही त्याच अत्यल्प गटात बसतो आणि त्याच घरासाठी अर्ज करतो, त्याला कोणती बँक कर्ज देणार? घर लागूनही परत करावं लागतं ते यामुळे. अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन किती कर्ज मिळेल ते विचारून या.

२०२३च्या त्याच मुंबईच्या सोडतीत अत्यल्प आणि अल्प गटांतही आजी-माजी आमदार-खासदारांसाठी घरं राखीव होती. आमदाराचं मानधन पाहता विद्यमान आमदार त्या उत्पन्न मर्यादेत बसूच शकत नाही. अशी घरं थेट गरजूंच्या वाट्याला आली पाहिजेत.

अर्जानंतर

मुदत संपली की प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी लागते. ती न पाहणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. नाव नसेल किंवा प्रवर्ग चुकला असेल तर दावे-हरकतींसाठी थोडेच दिवस मिळतात. मग अंतिम यादी, मग सोडत. घर लागलं तर स्वीकृती ऑनलाइन कळवायची, देकारपत्रात (घर देऊ केल्याच्या पत्रात) दिलेल्या मुदतीत आधी २५ टक्के आणि नंतर उरलेली रक्कम भरायची. मुदतवाढ मागता येते, पण व्याज लागतं. कर्जासाठी लागणारं ना-हरकत पत्र मंडळ देतं. पाच वर्षं घर विकता येत नाही. मुखत्यारपत्रावर म्हाडाचं घर स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, ते तुमच्या नावावर होणार नाही.

कोणत्या योजनेला अर्ज करायचा, यालाही अभ्यास लागतो. विरार-बोळिंजला हजारो घरं बांधली, पण पाण्याची सोय वेळेत झाली नाही. लोकांनी पाठ फिरवली आणि ती घरं वर्षानुवर्षं पडून राहिली. सूर्या प्रकल्पाचं पाणी आल्यावर आणि 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' ठेवल्यावर विक्री हलली. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, म्हणजे पत्राचाळीत, ६७२ भाडेकरूंच्या पुनर्विकासाचा करार २००८मध्ये झाला. विकासकाने मूळ रहिवाशांची घरं अर्धवट सोडली आणि म्हाडाने त्याला काढलं ते २०१८मध्ये. मधल्या काळात, २०१६च्या सोडतीत, तिथली ३०६ घरं लोकांना लागली होती. तेही ताब्यासाठी वर्षानुवर्षं ताटकळले. इमारत उभी आहे का, भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला) मिळालंय का, पाणी आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. रविवारची एक फेरी पुरते.

मुंबईबाहेर आणखी एक वाट आहे: २० टक्के योजना. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्या खासगी बिल्डरने २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प गटांसाठी द्यायची असतात. चांगल्या वस्तीत परवडणारं घर मिळण्याची ही उत्तम संधी. पण भूखंडाचे तुकडे पाडून अट चुकवली जाते, किंवा घरं म्हाडाला कळवलीच जात नाहीत. नाशिकमधला हा विषय मार्च २०२२मध्ये विधान परिषदेत इतका तापला की महापालिका आयुक्तांच्या बदलीचे आदेश निघाले. तुमच्या भागात मोठा प्रकल्प उभा राहत असेल, तर त्यातली २० टक्के घरं म्हाडाकडे आली का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

स्वतःची तक्रार असेल तर आधी संबंधित मंडळाच्या मुख्य अधिकाऱ्यांना लेखी द्या आणि पोच घ्या. पोच नसलेली तक्रार पुढे कुणी ग्राह्य धरत नाही. तिथे दाद लागली नाही, तर वांद्रे पूर्वेच्या गृहनिर्माण भवनात २०२४पासून दर महिन्याला लोकशाही दिन, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तक्रारी समोरासमोर ऐकण्याचा दिवस, भरतो. अर्ज आधी द्यावा लागतो आणि त्याला पहिल्या तक्रारीची पोच जोडायची असते.