सुपरचार्जर, नायट्रस ऑक्साइड आणि मुंबईचा उकाडा

शेगडी मोठ्या आचेवर बराच वेळ चालू राहिली की स्वयंपाकघरातल्या गॅसच्या सिलिंडरवर दवाचे बारीक थेंब जमतात, आणि ते जिथपर्यंत जमतात तिथपर्यंत आत द्रवरूप गॅस शिल्लक असतो. द्रवाची वाफ होताना भोवतालची उष्णता ओढली जाते, म्हणून सिलिंडरचा पत्रा गार पडतो. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, बसवलेल्या मोटारीला जादा ताकदीसाठी नायट्रस ऑक्साइड देण्यामागचे निम्मे विज्ञान या थेंबांतच आहे. उरलेले निम्मे रसायनाचे आहे, आणि इंजिनाचा घात होतो तो बहुधा या दोहोंचा हिशेब चुकल्यामुळे.

नायट्रस ऑक्साइड हा वायू स्वतः जळत नाही. जोसेफ प्रीस्टली यांनी 1772 मध्ये तो प्रथम तयार केला, आणि रुग्णालयात भूल देण्यासाठी तो आजही वापरला जातो. सुमारे 570 ते 600 अंश सेल्सिअसला त्याचा रेणू फुटतो, उष्णता बाहेर पडते आणि आकारमानाने दोन भाग नायट्रोजनमागे एक भाग ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो, इथे तो 33 टक्के मिळतो. जास्त ऑक्सिजन मिळाला की जास्त पेट्रोल जाळता येते. ताकद येते ती त्या पेट्रोलमधून, नायट्रसमधून नव्हे. ही एक गोष्ट मनात पक्की ठसली तर पुढच्या बहुतेक चुका टळतात.

सुपरचार्जर आणि नायट्रस यांची जोडी नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांमध्ये ‘जीएम-1’ नावाची यंत्रणा होती. ज्या उंचीवर सुपरचार्जरलाही पुरेशी हवा दाबून देता येत नसे, तिथे द्रवरूप नायट्रस सोडून ऑक्सिजनची तूट भरून काढली जात असे.

जमिनीवर अडचण निराळी असते. हवा दाबली की ती तापते. मुंबईच्या 30 अंशांच्या हवेवर सुपरचार्जरने अर्धा बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे निम्मा, जादा दाब दिला, तर निव्वळ गणिताने ती 67 अंशांपर्यंत जाते, आणि प्रत्यक्षात यंत्र काही शक्ती वाया घालवत असल्याने 85 अंशही ओलांडते. नायट्रस उणे 88 अंशांना उकळते. नोझलमधून बाहेर पडताच त्याची वाफ होऊन ही तापलेली हवा कित्येक अंशांनी गार होते, तिची घनता वाढते आणि नॉकिंगची, म्हणजे इंधन अवेळी आपोआप भडकून इंजिनाला हादरे बसण्याची, शक्यता तेवढी कमी होते. मात्र त्याच क्षणी इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब आणि ज्वलनाची उष्णता दोन्ही वाढतात, त्यामुळे या गारव्याच्या भरवशावर बेफिकीर राहता येत नाही.

एका गॅरेजमध्ये मी असा घात झालेला पिस्टन हातात घेऊन पाहिला आहे. माथ्याच्या कडेला बोराएवढे भोक होते, आणि भोकाभोवतीचे अॅल्युमिनियम मेणासारखे ओघळून थिजले होते. त्या इंजिनाला नायट्रस मिळाले होते, पण त्याच्या जोडीचे पेट्रोल मिळाले नव्हते. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. नायट्रस मात्र साडेनऊ किलोच्या आसपास पुरते. म्हणजे आत जाणाऱ्या प्रत्येक किलो नायट्रसमागे शंभर ग्रॅमहून थोडे अधिक पेट्रोल पोहोचलेच पाहिजे, आणि सुपरचार्जरच्या इंजिनात थोडे जास्तच द्यावे. पंप अशक्त असेल किंवा फिल्टर तुंबला असेल तर मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, आणि पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात. म्हणूनच पेट्रोलचा दाब घसरताच नायट्रसचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) बंद करणारा स्विच हा या यंत्रणेतला सर्वांत मोलाचा भाग आहे, असे मी मानतो. पेट्रोल आणि नायट्रस एकत्र फवारणारे नोझल इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) नंतर, थ्रॉटलजवळ, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेजवळ बसवावे. नाहीतर इंटरकूलरमध्ये पेट्रोल साचते आणि एका बॅकफायरने, म्हणजे ज्वाला उलटी मागे आल्याने, सगळे फुटू शकते.

आता मुंबईपुरता खास प्रश्न. बाटलीतल्या नायट्रसचा दाब तापमानावर ठरतो: 20 अंशांना सुमारे 50 बार, 30 अंशांना 63 बार, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळपास तीसपट. नोझलची भोके साधारण याच दाबासाठी निवडलेली असतात. दाब वाढला की नायट्रस जास्त येते, पेट्रोल मात्र तेवढेच राहते. आणि 36.4 अंशांना, 72.5 बार दाबाला, द्रव आणि वाफ हा भेदच उरत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीची डिकी हा आकडा सहज ओलांडते. त्यापुढे दाब झपाट्याने चढतो, आणि नोझलमधून नेमके किती नायट्रस येईल याचा भरवसा राहत नाही. थंड देशांत बाटली गरम करण्याचे हीटर विकले जातात. इथे ती सावलीत ठेवून दाबाचा काटा पाहूनच झडप उघडावी. बाटली काठोकाठ भरू नये, तिची सुरक्षा-चकती काढू नये आणि चकती फुटल्यास वायू गाडीबाहेर जाईल अशी नळी जोडावी. किती नायट्रस उरले हे दाबाच्या काट्यावरून कळत नाही. गॅसवाल्यासारखी बाटली वजन करूनच पाहावी लागते.

इंजिनात दर 50 अश्वशक्तीच्या भरीमागे स्पार्कचे टायमिंग साधारण दोन अंश मागे घेतात, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा पाडतात, आणि प्लग एक-दोन पायऱ्या थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, घालतात. इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर नायट्रस कधीही सोडू नये. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना आणि फेऱ्या ठरावीक मर्यादेत असतानाच ते सुटेल अशी जोडणी करावी. मुंबईतल्या निवडक पंपांवर मिळणारे 100 ऑक्टेनचे, म्हणजे नॉकिंगला सहज बळी न पडणारे, पेट्रोल या कामी येते. सुरुवात मात्र 50 अश्वशक्तीच्या आतच असावी, आणि तीही रेसिंग ट्रॅकवर, कारण मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार रस्त्यावरच्या गाडीत असे मनमानी फेरफार करता येत नाहीत.

पहिली छोटी धाव झाली की इंजिन लगेच बंद करून प्लग काढावेत आणि भिंगाखाली धरावेत. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चकाकणारे अॅल्युमिनियमचे कण दिसले, तर नॉकिंग झाले आहे आणि पिस्टन झिजू लागला आहे. अशा वेळी टायमिंग आणखी मागे घेऊन आणि पेट्रोल वाढवून पुन्हा तपासावे, आणि प्लग स्वच्छ येईपर्यंत नायट्रसचा जेट (नोझलचे भोक) मोठा करू नये.