आयर्लंडमध्ये लोकांना आवडतो कोण आणि खुर्चीवर बसतो कोण

आयर्लंडचं राजकारण आपल्याकडे चर्चेत आलं ते लिओ वराडकरांमुळे. मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, वडील डॉक्टर, मुंबईहून आधी इंग्लंडला आणि मग आयर्लंडला गेलेले, आणि मुलगा २०१७ च्या जूनमध्ये थेट पंतप्रधान, तिकडच्या भाषेत टीशक. तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, अभिमान बिभिमान वाटून झाला, २०१९ च्या डिसेंबरअखेर ते घरच्यांसोबत वराडला येऊन गेले तेव्हा परत एकदा वाटून झाला, आणि विषय संपला. पण एक गोष्ट तेव्हा फार कुणी बघितलीच नाही. हा माणूस पक्षाचा नेता झाला तेव्हा पक्षाच्या साध्या सदस्यांची पसंती दुसऱ्यालाच होती. सदस्यांच्या मतदानात सायमन कोव्हनी ६५ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन आरामात पुढे होते. पण फिना गेल पक्षाचा नियम असा की खासदारांच्या मतांचं वजन ६५ टक्के, सदस्यांचं २५ आणि नगरसेवकांचं १०, आणि बहुतेक खासदार वराडकरांनी आधीच बांधून ठेवलेले, त्यामुळे सदस्यांची मोजणी होईपर्यंत खेळ संपलेला होता.

तिकडचे पेपर दर थोड्या दिवसांनी सर्व्हे छापतात की कुठल्या नेत्याच्या कामावर किती टक्के लोक समाधानी, आणि त्यावरून लगेच याचं भविष्य उज्ज्वल, त्याचं संपलं, असं सुरू होतं. ते वाचताना मागचा इतिहास माहीत असला तर बरं, कारण त्या आकड्यांनी तिथे भल्याभल्यांना तोंडावर पाडलंय.

आधी मतदानाची पद्धत समजून घ्यावी लागते, थोडी किचकट आहे पण सगळी गंमत तिच्यातच आहे. एका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच खासदार निवडून येतात. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नाही, तर नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. चार जागा असतील तर एकूण वैध मतांचा पाचवा भाग अधिक एक एवढा कोटा, तो गाठला की निवडून आलात. कोट्यापेक्षा जास्त झालेली मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात, तळाचा उमेदवार बाद झाला की त्याचीही मतं तशीच पुढे जातात, मग दुसरी फेरी, तिसरी, आठवी, बारावी, कधीकधी मोजणी दोन-तीन दिवस चालते. मोजणीच्या हॉलमध्ये मतपेट्या उघडल्या की कठड्याच्या या बाजूला पक्षांचे कार्यकर्ते हातात पॅड घेऊन वाकून उभे राहतात, कर्मचारी एकेक मतपत्रिका उलगडतो तेव्हा तिच्यावरचा एक नंबर कुणाला हे लांबूनच बघून रेघा मारत जातात आणि अधिकृत निकालाच्या कितीतरी आधी अंदाज सांगून मोकळे होतात. यांना टॅलीमन म्हणतात आणि जुने टॅलीमन फार क्वचित चुकतात.

याचा अर्थ असा की नुसतं तुमचे कट्टर समर्थक किती हे पुरत नाही, बाकीच्यांना तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला तरी चालता का हेही लागतं. आणि एका पक्षाला एकहाती बहुमत मिळणं अवघड. फियाना फॉल पक्षाचे तेव्हाचे टीशक डी व्हॅलेरा यांना हे बरोब्बर कळलेलं, म्हणून त्यांनी १९५९ मध्ये ही पद्धत मोडीत काढायला सार्वमत घेतलं, त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाचंही मतदान होतं आणि ते स्वतःच उमेदवार होते. लोकांनी त्यांना राष्ट्राध्यक्ष केलं आणि त्यांचा प्रस्ताव पाडला. एकाच रांगेत उभं राहून, एकाच दिवशी! १९६८ ला त्यांच्या पक्षाने परत प्रयत्न केला, तोही लोकांनी पाडला, या वेळी मोठ्या फरकाने.

आता पक्ष. फियाना फॉल आणि फिना गेल, हे दोन्ही मध्यापासून थोडे उजवीकडचे, धोरणात फार फरक नाही, भांडण आहे ते १९२२-२३ च्या यादवीचं. ब्रिटिशांसोबत १९२१ ला झालेला करार मान्य असणाऱ्यांचा वारसा फिना गेलकडे, अमान्य असणाऱ्यांचा फियाना फॉलकडे, घराण्याघराण्यांत ते वैर पिढ्यानपिढ्या उतरलेलं. पहिलं आघाडी सरकार आलं १९४८ ला, फियाना फॉलची सलग सोळा वर्षांची सत्ता घालवायला पाच पक्ष आणि अपक्ष एकत्र आले. त्यातला मोठा पक्ष फिना गेल, त्यांचे नेते रिचर्ड मल्कही, मग टीशक तेच होणार ना? नाही झाले. यादवीत सरकारी सैन्याचे प्रमुख तेच होते आणि त्या काळात सत्तरहून जास्त विरोधकांना गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला होता. आघाडीतल्या एका नव्या पक्षाचे नेते शॉन मॅकब्राइड, त्यांच्या लोकांना मल्कही चालणंच शक्य नव्हतं. मल्कही गपचूप बाजूला झाले, आणि पक्षाचे नेतेही नसलेले, व्यवसायाने बॅरिस्टर असलेले जॉन कॉस्टेलो टीशक झाले. म्हणजे पहिल्याच आघाडीत प्रश्न आला तो कोण आवडतो हा नव्हता, कोण चालत नाही हा होता. पुढचं सगळं राजकारण मला तरी याचीच आवृत्ती वाटते.

एकहाती बहुमत शेवटचं मिळालं ते १९७७ ला, जॅक लिंच, १४८ पैकी ८४ जागा, प्रचंड लोकप्रिय माणूस. १९७९ च्या डिसेंबरात राजीनामा देऊन घरी! एवढे खासदार निवडून आले की बऱ्याच जणांना वाटायला लागलं आपली सीट पुढच्या वेळी टिकणार नाही, आणि पक्षातच दुसरा नेता बघायला सुरुवात झाली. तो दुसरा नेता म्हणजे चार्ल्स हॉही.

हॉहींची गोष्ट तर मस्तच आहे. फियाना फॉल आघाडी करत नाही हे त्या पक्षाचं ब्रीदच होतं, एकट्याने राज्य करायचं नाहीतर विरोधात बसायचं. १९८९ ला हॉही अल्पमताचं सरकार चालवत होते, सर्व्हे चांगले दिसले म्हणून मुदतीआधीच निवडणूक लावली आणि ८१ जागांच्या ७७ झाल्या. बहुमताला ८३ हव्यात, कमी पडतात ६, आणि बरोब्बर ६ कुणाकडे, तर डेस ओमॅली यांच्या प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्सकडे. हे ओमॅली कोण? हॉहींनीच १९८५ ला फियाना फॉलमधून हाकललेले. आता त्यांच्याच दारात जावं लागलं, पक्षाचं ब्रीद खुंटीला टांगून. तो छोटा पक्ष मग गप्प बसला नाही, १९९० ला त्यांनी हॉहींना स्वतःच्या उपपंतप्रधानाला काढायला लावलं आणि १९९२ च्या सुरुवातीला जुनं फोन टॅपिंगचं प्रकरण वर आल्यावर खुद्द हॉहींनाच जायला लावलं. सहा जणांनी सत्त्याहत्तरांचा नेता बदलला!

पुढे १९९४. टीशक अल्बर्ट रेनॉल्ड्स, उत्तर आयर्लंडच्या शांतता प्रक्रियेतला त्यांचा वाटा मोठा, ऑगस्टमध्ये आयआरए या सशस्त्र संघटनेने शस्त्रसंधी जाहीर केली, म्हणजे त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा क्षण. नोव्हेंबरात सत्ता गेली. एका न्यायालयीन नेमणुकीवरून आघाडीतल्या मजूर पक्षाचे डिक स्प्रिंग बाहेर पडले आणि निवडणूक न होताच स्प्रिंग यांनी दुसरीकडे आघाडी केली, टीशक झाले फिना गेलचे जॉन ब्रुटन. ज्यांच्याविरुद्ध त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्याच खासदारांनी बंड केलं होतं. कसेबसे वाचले होते बिचारे, आणि डिसेंबरात पंतप्रधान.

असंच परत झालं २०१० ला, आणि हे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. जूनमध्ये एक सर्व्हे आला, त्यात मजूर पक्ष ३२ टक्क्यांवर, इतिहासात पहिल्यांदा एक नंबर. पक्षाचे नेते एमन गिलमोर सगळ्यांचे लाडके, कार्यकर्त्यांनी 'गिलमोर फॉर टीशक'चे बोर्ड काढले. त्याच सर्व्हेत फिना गेल मागे पडल्याने एंडा केनींच्या पक्षात धावपळ, अर्धे सहकारी उचलबांगडी करायला उठले, केनी मतदानात थोडक्यात वाचले. नऊ महिन्यांनी, मार्च २०११ ला, केनी टीशक आणि गिलमोर त्यांचे उपपंतप्रधान. मधल्या काळात देश आर्थिक गाळात गेला होता, आयएमएफ आणि युरोपकडून ८५ अब्ज युरोचं पॅकेज आलेलं, त्यामुळे कपात करण्याशिवाय पर्याय नव्हता, आणि लोकांचा राग निघाला तो मजूर पक्षावर, कारण कपात करणार नाही असं मतं मागताना सांगत फिरलेले तेच. २०११ ला ३७ जागा, २०१६ ला ७. गिलमोर तर २०१४ लाच नेतेपद सोडून गेले होते.

छोट्या भिडूचं हे असंच होतं तिकडे, जवळपास नियमच म्हणा. १९९२ ला स्प्रिंग यांच्या ३३ जागा, १९९७ ला १७. प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स २००७ ला २ वर आले, नेता स्वतः हरला, आणि २००९ ला पक्षच बंद झाला. ग्रीन पार्टी २००७ ला ६, २०११ ला शून्य, मग परत कष्टाने उभी राहून २०२० ला १२, आणि २०२४ ला १. मोठा पक्ष मार खातो पण उरतो, छोटा पुसला जातो.

मोठा पक्ष कसा उरतो ते मीहॉल मार्टिन यांच्याकडे बघून कळतं. जानेवारी २०११ ला फियाना फॉलचे नेते झाले, म्हणजे जहाज बुडत असताना कॅप्टन. ७० च्या वर असलेल्या जागा २० वर आल्या. त्यांच्याआधीचा पक्षाचा प्रत्येक नेता टीशक झालेला, हे पहिले न होणारे ठरणार असं लोक वर्षानुवर्षं चिडवत होते. माणूस दिसायला-बोलायला माजी शिक्षक आणि आहेतही, भाषणाने टाळ्या वगैरे नाही. पण टिकून राहिले.

आणि मग २०२० ची फेब्रुवारी. शिन फेनला, म्हणजे अखंड आयर्लंड मागणाऱ्या डाव्या पक्षाला, पहिल्या पसंतीची २४.५ टक्के मतं, सगळ्यात जास्त. त्यांच्या नेत्या मेरी लू मॅकडोनल्ड यांची लाट होती पण त्यांनाच ती दिसली नव्हती, आदल्या वर्षी स्थानिक निवडणुकीत मार खाल्ल्यामुळे घाबरून उमेदवारच उभे केले ४२. त्यातले ३७ आले! आणखी उभे केले असते तर काय झालं असतं यावर तिकडे अजून वाद घालतात. टीशक असलेले वराडकर स्वतःच्या डब्लिन वेस्ट मतदारसंघात पाचव्या फेरीत निवडून आले, पहिल्याच फेरीत कोटा गाठला तो शिन फेनच्या उमेदवाराने. सरकार बनेना, तेवढ्यात कोविड आला, वराडकर काळजीवाहू टीशक म्हणून रोज टीव्हीवर, शिवाय डॉक्टर असल्याने आठवड्यातून एक पाळी आरोग्य सेवेत काम करतो म्हणाले, आणि लोकप्रियता जी वर गेली, जूनपर्यंत चारातले तीन लोक समाधानी. आणि नेमकं तेव्हाच, २७ जूनला, खुर्ची सोडली. कुणासाठी, तर मार्टिनसाठी, ज्यांचा पक्ष त्या वेळी सर्व्हेत पंधरा टक्क्यांच्या आसपास लोळत होता. यादवीला जवळपास शंभर वर्षं झाल्यावर दोन वैरी पक्ष पहिल्यांदा एका सरकारात बसले कारण शिन फेन दोघांनाही नको होता, ग्रीन्स सोबतीला, आणि टीशकपद अडीच-अडीच वर्षं वाटून. अडीच वर्षं म्हटल्यावर मराठी वाचकाला जे आठवायचं ते आठवेलच, पण तिकडे ठरलं होतं तसं झालं, डिसेंबर २०२२ ला मार्टिन यांनी शांतपणे खुर्ची वराडकरांना दिली.

२०२२ मध्येच शिन फेन सर्व्हेत ३५ च्या आसपास होता, घरांच्या किमती आणि भाडी आभाळाला भिडलेली, तरुण लोक आईवडिलांकडेच राहतायत, सगळ्यांनी मॅकडोनल्ड पुढच्या टीशक म्हणून गृहीतच धरलेल्या. तेही विरलं. मार्च २०२४ ला वराडकर सार्वमतात हरल्यावर दोन आठवड्यांत अचानक राजीनामा देऊन गेले, सायमन हॅरिस ३७ व्या वर्षी टीशक, टिकटॉकवर सतत, नवा उत्साह वगैरे, नोव्हेंबरात निवडणूक लावली तेव्हा फिना गेल पुढे. मग प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात कॉर्क परगण्यातल्या कँटर्क गावात एका सुपरमार्केटमध्ये अपंगांची देखभाल करणाऱ्या एका बाईने त्यांना अडवून आमच्याकडे सरकारने बघितलं नाही असं सांगितलं, हॅरिस यांनी ते खरं नाही म्हणत हात मिळवला आणि पुढे चालू लागले. एवढंच. पण ते कॅमेऱ्यात आलं, व्हिडिओ देशभर फिरला, माफी मागावी लागली. मोबाईलवर मोठा झालेला नेता मोबाईलवरच घसरला. १७४ च्या सभागृहात फियाना फॉल ४८, शिन फेन ३९, फिना गेल ३८. कुणाचेच लाडके नसलेले मार्टिन परत पहिले.

आता ४८ आणि ३८ मिळून ८६, हव्यात ८८. मजूर पक्ष आणि सोशल डेमोक्रॅट्स, दोघांकडे ११-११, पण आघाडीत गेल्यावर काय होतं हे ग्रीन्सकडे बघून दोघांनाही कळलेलं, कुणी आलं नाही. मग अपक्ष घेतले. त्यातल्या काहींना सरकारला पाठिंबा देऊन विरोधी बाकांवरून बोलायची वेळ पण हवी होती, त्यावरून २२ जानेवारी २०२५ ला एवढा गोंधळ झाला की टीशकची निवड त्या दिवशी होऊच शकली नाही, मार्टिन दुसऱ्या दिवशी झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षपदाला मार्टिन यांनी डब्लिनच्या गेलिक फुटबॉल टीमचे गाजलेले माजी मॅनेजर जिम गॅव्हिन यांना स्वतः पुढे करून आणलं. जुन्या भाडेकरूचे ३,३०० युरो परत न दिल्याचं प्रकरण निघालं, गॅव्हिन मध्येच बाहेर, पण नाव मतपत्रिकेवर छापलेलंच राहिलं. सगळ्या डाव्या पक्षांनी मिळून पाठिंबा दिलेल्या कॅथरिन कॉनली ६३ टक्के घेऊन आल्या. फियाना फॉलमध्ये मार्टिन यांच्या विरोधात कुजबुज वाढली, तिकडे हॅरिस यांच्या उमेदवार हेदर हम्फ्रीज ३० च्या आतच राहिल्याने त्यांनाही दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय राहिली नाही. करारानुसार नोव्हेंबर २०२७ ला मार्टिन यांनी खुर्ची हॅरिस यांना द्यायची आहे, आणि बहुमताला कमी पडणारी ती दोन मतं तोवर अपक्षांच्याच खिशात आहेत.